काचेचे पंजे घेऊन पाथर्डीला

पाथर्डीला कुणी प्रवासाला म्हणून जात नाही. लग्नाकार्याला जातात, कोर्टकचेरीला जातात, मोहट्याच्या देवीला जातात. मी गेले ते बायकांचे केस उपटायला. हसू नका, खरंच सांगते.

माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली, भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवण्यात. माणसाच्या अंगावरचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी काचेच्या ताटलीत, उबेत, खाऊपिऊ घालून वाढवायच्या आणि पातळ पापुद्रा धरला की डॉक्टरांच्या हवाली करायचा. पेशी म्हणजे तान्ही पोरं. त्यांना रविवार कळत नाही की दिवाळी कळत नाही. निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, सुटले बाई एकदाची. पण सुटते कसली! माझी भाची इरा दारात हजर.

इरा चित्रकार. पण हल्ली तिला जिवंत गोष्टींची चित्रं काढायची नसतात, जिवंत गोष्टींनीच काढायची असतात. आजकाल बरेच कलावंत हे करतात म्हणे. तिची कल्पना अशी: ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचे केस मुळासकट घ्यायचे. त्या मुळाशी ज्या जिवंत पेशी असतात, त्या हाताच्या पंज्याच्या आकाराच्या काचेच्या ताटलीत वाढवायच्या. एका बाईचा एक पंजा. प्रदर्शनात ते पंजे उबदार पेटीत ठेवायचे. "आपण साखर बघतो मावशी, हात बघत नाही. तो हात लोकांसमोर जिवंत ठेवायचा," असं तिचं म्हणणं.

"अगं, ही कातडी मी भाजलेल्या माणसांच्या पाठीवर बसवायची. तू ती भिंतीवर टांगणार?"

"भिंतीवर नाही गं, पेटीत."

"वा! मग काय, झालंच!"

तरी गेले. पोरगी ऐकणारी नव्हती, आणि तिच्या हातात त्या पेशी दोन दिवसही टिकल्या नसत्या हे मला ठाऊक होतं. तिनं पुण्यातली एक छोटी प्रयोगशाळा भाड्यानं घेतली होती. तिथं वाढवायचं काम माझं, आणायचं दोघींनी.

भंडारदरा

आधी तीन-चार दिवस भंडारदऱ्याला कलावंतांचं शिबिर होतं. पाऊस नुकताच सरला होता. धरण तुडुंब, डोंगर हिरवेगार, कळसूबाईचं शिखर ढगातून मधूनच डोकं काढायचं आणि पुन्हा गडप व्हायचं. शिबिरातल्या लोकांना मात्र बाहेर बघायला वेळ नव्हता. एक दाढीवाला कलावंत रंगीत जिवाणूंनी ताटल्यांवर मोर काढत होता. एकीनं बुरशीची खुर्ची वाढवली होती. मी बसून पाहिलं, चांगली मजबूत होती, पण वास असा की पाहुणा पुन्हा येणार नाही.

स्वयंपाकाला हिराबाई नावाची जवळच्या पाड्यातली बाई होती. नागलीच्या भाकऱ्या थापताना तिचं लक्ष त्या मोराकडं. दाढीवाला त्याला रोज काय काय खायला घालतो हे ती बघत होती. शेवटी तिनं मला विचारलंच, "बाई, ह्ये शिजवून खायाचं असतंय का?"

"नाही हो."

"अंडी देतंय?"

"नाही."

"मंग पाळलंय कशाला?" म्हणून ती पुढच्या भाकरीला लागली.

दुपारी पेशींची मालकी कुणाची यावर चर्चा झाली. ज्याच्या अंगातून काढल्या त्याची, की ज्यानं वाढवल्या त्याची? चर्चा इंग्रजीतून आणि इतकी लांबली की भाकऱ्या गार झाल्या. नागलीची गार भाकरी खाणं म्हणजे दातांची परीक्षा. मी हिरड्याच्या झाडाखाली जाऊन गरम पिठल्याबरोबर माझी आधीच उरकून घेतली होती. चर्चेत मी बोलले नाही. माझ्या प्रयोगशाळेत हा प्रश्नच नव्हता. कातडी ज्याची त्याच्याच पाठीवर परत जायची.

करंजीच्या घाटातून

भंडारदऱ्याहून राजूर, अकोले, संगमनेर करत आम्ही कोल्हारला उतरलो ते बर्फासाठी. माझ्या शीतपेटीतला बर्फ संपत आला होता. स्टँडजवळच्या रसवंतीवाल्यानं लादीतून फोडून दिला. पेटीत पेशींच्या खाद्याचा कुपीभर गुलाबी द्रव बघून म्हणाला, "गुलाबाचं सरबत व्हय? साखर कमी घाला, हितली लई गोड हाय." आम्ही भेळ खाल्ली. इराला ती तिखट लागली, मला बेताची. प्रवरेला पाणी होतं, दोन्ही अंगाला ऊस उभा होता, वाऱ्याला सळसळत होता.

नगर सोडून करंजीचा घाट चढलो आणि सगळं पालटलं. ऊस संपला. बाजरीची काढणी झालेली रानं, तूर, मधूनच कपाशी आणि डोक्यावर काहीच नसलेले डोंगर. एकाच जिल्ह्यात इतका फरक की गाडीच्या काचेवर कुणी दुसरं चित्र चिकटवलं असं वाटावं. इकडच्या माणसांनी तिकडचा ऊस तोडायला जायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. गाडीतून बघितल्यावर ते लगेच समजलं, कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

घाटात टायर बसला. इराला जॅक कुठं लावायचा ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मागून आलेल्या जीपमधल्या माणसांनी उतरून चाक बदललं आणि कुठल्या गावाला, कुणाकडं, कशाला, हे सगळं विचारून घेतलं. इरानं सांगितलंही. आम्ही गावात पोचायच्या आधी आमची बातमी पोचली होती.

पाथर्डीच्या पलीकडचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. तसं कबूल करून आलेय.

उतरलो ते लताबाईंकडं. इराची त्यांच्याशी आधीची ओळख. चाळिशीच्या, तोंडानं फटकळ, ऊसतोडणीच्या टोळीतल्या बायकांचा त्यांच्यावर भरवसा. दसरा झाला होता. चार-आठ दिवसांत टोळ्या निघणार, म्हणून घराघरात बांधाबांध चाललेली. गोधड्या, तवा, बाजरीची पोती, पाण्याचे ड्रम. आमच्याकडं दिवाळीच्या आधी घर लावतात, इथं घर आवरून कुलूप घालायची तयारी. जेवायला हुलग्याचे शेंगोळे केले होते, लसूण-मिरचीचं वाटण घातलेले. मी तीनदा वाढून घेतलं. इरा म्हणाली, मावशी, पुरे. लताबाई म्हणाल्या, "खाऊ द्या की. तुमच्या बापाचं जातंय का?" मला बाई आवडली.

संध्याकाळी लिंबाखाली बायका जमल्या. त्याआधी मुकादम येऊन गेला. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. काचेचा पंजा हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिला. "इलेक्शनचं हाय का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "किती बायका पायजेत? माझ्या समद्या बसवतो. त्यांना इचारायचं काम न्हाई, मी सांगतो."

"का? केस तुमच्या डोक्यावरचे आहेत का?" मी म्हटलं.

बायका फिस्सकन हसल्या. मग माझ्या लक्षात आलं, त्याचं डोकं गुळगुळीत होतं. तो टोपी घालून निघून गेला. इरा माझ्यावर चिडली.

मग तिनं बायकांना समजावलं. पोरगी बोलते छान. पण बोलता बोलता तिला रंग चढतो. म्हणाली, "तुम्ही उसात असाल, वाटेत असाल, कुठंही असाल, तरी तुमच्यातलं काहीतरी आमच्याकडं जिवंत राहील. केसाचं मूळ असलं ना, की माणूस संपत नाही."

मी तिला तिथंच कोपरानं ढोसलं. "काय बोलतेस? पेशी जगतात, माणूस नाही."

"मावशी, ती कवितेची भाषा आहे."

"मग कविता म्हणतेय असं सांग त्यांना."

तिनं हात झटकला आणि आम्ही कामाला लागलो. केस अगदी डोक्याजवळ चिमटीत धरून झटकन ओढायचा. टोकाला पांढरट, ओलसर टोपण आलं तरच उपयोग. एकीचा ओढला की बाकीच्या "आई गं" म्हणून ओरडायच्या आणि हसायच्या. एका म्हातारीनं सुनेला मात्र ओढत घरी नेलं. केस परक्याच्या हाती गेला की करणी होते म्हणे. लताबाई म्हणाल्या, "आन् भांडीवाल्याला देतीस तवा?" दारावर येणाऱ्या भांडीवाल्याला विंचरून निघालेले केस देऊन वाटी-चमचा घ्यायची इथं रीत आहे. म्हातारी म्हणाली, "त्यो मेल्याला केस आसतोय. ह्या जित्ता मागत्यात." मला तिचं म्हणणं पटलं, पण मी कुप्यांवर नावं चिकटवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आम्ही चहा पीत होतो. एक बाई अंगणात येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल, वाळकी, पदर घट्ट खोचलेला, पाय धुळीनं भरलेले. शेजारच्या गावाहून जीपनं आली होती. लताबाईंनी ओळख दिली, या गयाबाई, दुसऱ्या टोळीतल्या.

गयाबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "केसातनं मानूस उगवून देनाऱ्या बाया तुमीच का?"

इरानं माझ्याकडं पाहिलं. गयाबाईंनी कनवटीची पुडी सोडली. खणाच्या तुकड्यात एक हिरवी फणी होती, दात तेलानं काळे झालेले, आणि दातांत केसांचा गुंता.

"माझ्या लेकीचे, रेखाचे हायेत," त्या म्हणाल्या. "समदी नको. थोडीबी चालंल. बोलली न्हाई तरी चालंल. निस्ती जित्ती ऱ्हाऊ द्या."

मी कप खाली ठेवला. इराचा हात मोबाईलकडं गेला. तिनं तो वर धरला, चित्रण चालू केलं. मी तो सरळ काढून घेतला आणि तिला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. मला राग आवरत नव्हता.

"लाज वाटते का गं?"

"मावशी, तू ऐकून घे. पेशी नाही वाढणार, कळतं मला. पण त्या केसातून डीएनए निघतो. तो थोडासा जिवाणूत घालता येतो. म्हणजे तिच्या मुलीचं काहीतरी खरंच जिवंत राहील. खोटं नाही ते. त्या बाईला बरं वाटेल."

"आणि तुझं प्रदर्शन गाजेल."

"हो, गाजेल! त्यात वाईट काय?"

"वाईट हे, की तिनं पोरगी मागितली आणि तू तिला जिवाणू देणार, आणि वर त्याला रेखा म्हणणार. मी भाजलेल्या लेकरांच्या आयांना कधी सांगितलं नाही की कातडी धरेलच. धरेल की नाही माहीत नाही म्हणायचे. त्या शिव्या द्यायच्या मला. घ्यायच्या शिव्या!"

इराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण गप्प बसले नाही. म्हटलं, तू सांगतेस की मी सांगू? तिच्यानं होईना. मीच गेले.

गयाबाईंसमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. "यातून काही उगवणार नाही. फणीत अडकतो तो गळलेला केस. त्यात जीव राहत नाही. ताजा उपटला तरी त्यातून माणूस होत नाही, नुसती कातडी वाढते, तीही थोडे दिवस. काल हिनं सांगितलं ते चुकीचं सांगितलं."

"काल म्हनल्या की, मूळ आसलं की मानूस संपत न्हाई. कुनीतरी फोनमंदी भरून धाडलंय, समद्यांनी ऐकलंय."

"चुकलं माझं," इरा म्हणाली.

"चुकलं?" गयाबाईंचा आवाज चढला. "जीपमंदी उभ्यानं आले मी. जावंला सांगून आले, रेखाचं कायतरी हुतंय म्हनून. तोंडाला यील त्ये बोलायचं आन् मंग चुकलं म्हनायचं व्हय? शिकल्याल्या तुमी!"

लताबाईंनी चहा पुढं केला, गयाबाईंनी घेतला नाही. फणी पुन्हा खणात गुंडाळत बसल्या. केसाचा एक धागा बाहेर राहिला तो बोटानं आत सारला.

मग लताबाईंनीच सांगितलं. रेखा लग्न होऊन दोन हंगाम नवऱ्याबरोबर कर्नाटकात तोडीला गेली. दुसऱ्या हंगामात ताप आला, अंगावर काढला, ताप डोक्यात गेला. गयाबाई तेव्हा कोल्हारकडं दुसऱ्या कारखान्याच्या उसात होत्या. निरोप आला, गाडी मिळाली, त्या पोचल्या तोवर सगळं उरकलं होतं. टोळीला काम थांबवता येत नाही.

"राख दाखिवली मला," गयाबाई म्हणाल्या. "म्हनले, ही तुमची रेखा. तसं कसं वळखू यील?"

शेजारच्या घरी कुणीतरी पोत्याला सुतळी बांधत होतं. गयाबाईंनी तोंड पुसलं, चहाचा गार झालेला कप उचलला आणि एका दमात प्यायल्या. मग शीतपेटीकडं बोट केलं.

"आन् ह्यांचं? ह्या बायांचं नेनार त्ये किती दिस जगवनार?"

"प्रदर्शन असेपर्यंत," मी म्हटलं.

"मंग?"

उत्तर मीच दिलं.

"मग औषध ओतून मारायचं. तसाच नियम आहे."

"कोन मारतं?"

"मी."

"ह्यांना म्हाईत हाय?"

नव्हतं. इरानं ते सांगितलंच नव्हतं. लपवलं नव्हतं हो. तिच्या डोक्यात उद्घाटन होतं, पेट्या होत्या, दिवे कसे लावायचे ते होतं. शेवटाचा विचार तिनं केला नव्हता. आणि खरं सांगते, इतकी वर्षं मीही उरलेल्या पेशी मारून ताटल्या धुतल्या आणि घरी जाऊन आमटी-भात जेवले. पण त्या ताटल्यांना मी कधी कुणाचा हात म्हटलं नव्हतं. इथं आम्ही त्याला हात म्हटलं, जिवंत म्हटलं. म्हटल्यावर मारायचं कसं, हा प्रश्न गयाबाईंचा नाही, आमचाच होता.

इरा उठली आणि घरोघर जाऊन बायकांना पुन्हा बोलावून आणलं. या वेळी कविता नाही. काय वाढेल, किती दिवस, कोण बघेल, शेवटी काय करणार, सगळं. आणि नको असेल तर आत्ता परत घ्या. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. दोघींनी कुप्या परत मागितल्या. मी त्यांचे केस काढून त्यांच्या हातात दिले, त्यांनी ते चुलीत टाकले. एक तरणी पोर म्हणाली, "नखं काढतो, त्येला काय सुतक धरतो का? ऱ्हाऊ द्या माझं." लताबाईंनी तर हातच झटकला. "माझं खुशाल ठेवा. जल्मात कधी बसून खाल्लं न्हाई मी. माझं कातडं तरी पुन्यात बसून खाईल!" सगळ्या हसल्या. गयाबाईसुद्धा थोडं हसल्या.

आणि मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. "माझा घ्या."

इरा म्हणाली, "नको, गयाबाई. मला तुमचा नाही घेववणार."

"का? म्हातारा हाय म्हनून?"

"तसं नाही..."

"मंग? रेखा कशातनं झाली? माझ्यातनंच झाली की न्हाई?"

मी म्हटलं, "गयाबाई, यात रेखा येणार नाही. तुमचीच कातडी वाढेल."

"त्ये कळलं मला. एकदा सांगितलं की कळतंय. पर माझी एक अट हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, इराकडं नाही. "मारायच्या येळंला मला बोलवायचं. मी नसताना काय करायचं न्हाई. त्या टायमाला मी आसनार."

"बोलवेन," मी म्हटलं.

"देवीच्या पायाची शपथ घ्या."

मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही. पण घेतली.

पांढरा केस निघाला. मुळाशी टोपण होतं, छोटंसं, पण होतं. जाताना लताबाईंनी आम्हाला ठेचा आणि बाजरीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. पुण्यापर्यंत इरानं त्यांना हात लावला नाही. मी भाकऱ्या खाल्ल्या. भूक लागली होती, त्याला काय करणार?

पुन्हा कोल्हार

पुण्यात काय झालं ते लांबण न लावता सांगते. लताबाईंच्या पेशी पहिल्यापासून हावरट, भराभर पसरल्या. तरण्या पोरीच्या धरल्याच नाहीत. गयाबाईंच्या मुळातून कितीतरी दिवस काहीच येईना, मग एक दिवस काठाशी चार-सहा दिसल्या, फरशी बसवल्यासारख्या एकीला एक चिकटून, आणि हळूहळू तळहात भरला. बोटांपर्यंतही गेल्या. इतक्या वर्षांत इतकी निगुतीनं वाढलेली ताटली मी फार पाहिली नाही. इरानं तो पंजा पेटीत मधोमध ठेवायचं ठरवलं.

उद्घाटनाला दोन दिवस राहिले असताना अंगठ्यापाशी बुरशीचा पांढरा ठिपका दिसला.

बुरशी लागली की ताटली तिथल्या तिथं नष्ट करायची असते, नाही तर शेजारच्याही जातात. मी औषधाची बाटली उचललीसुद्धा. मग खाली ठेवली. पंजा टेपनं घट्ट बंद केला, पिशवीत घातला, बाकीच्यांपासून लांब शीतपेटीत ठेवला. थंडीत पेशी दोन-तीन दिवस तग धरतात. गयाबाईंनी दिलेल्या नंबरावर फोन लावला. त्या कोल्हारजवळ उसाच्या फडात तोडीवर होत्या. म्हणाल्या, "मला निघता यायचं न्हाई, खाडा धरत्यात. तुमीच या."

इरा म्हणाली, "मी येते." मी म्हटलं, अगं, परवा उद्घाटन आहे, दिवे लावायचेत. ती म्हणाली, "लावतील कुणीतरी." गाडी तिनंच चालवली.

फड मुख्य रस्त्यापासून आत होता. अर्धा ऊस पडलेला, अर्धा उभा, मध्ये ट्रॅक्टर भरत होते. बांधावर टोळीच्या राहायच्या, पाचटाच्या कोप्या, त्यांतून धूर निघत होता. गयाबाई डोक्यावरची मोळी टाकून आल्या. केसांत पाचट, हातांवर उसाच्या पानांनी कापल्याच्या बारीक रेघा. ड्रममधल्या पाण्यानं त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि बांधावर बसल्या.

मी मोबाईलवर फोटो दाखवला, सूक्ष्मदर्शकातून काढलेला.

"ही मी?"

"हो. तुमचीच."

"रेखाची न्हाई. म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या, आणि तरी बराच वेळ बघत राहिल्या. "चांगली वाढली की. काय घालत हुत्या खायाला?"

"साखर, मीठ, अजून बरंच काही."

"आन् ह्ये पांढरं?"

"बुरशी. माझ्याच हातून कुठंतरी आत गेली असणार."

त्यांनी मला बोल लावला नाही. म्हणाल्या, "ताप आल्यावानी हाय म्हना." मी हो म्हटलं.

मी हातमोजे चढवले, त्यांनाही दिले. टेप काढली. इरानं विचारलं, "मी ओतू का?" गयाबाईंनी मान हलवली आणि बाटली माझ्या हातातून घेतली. किती ओतायचं ते मी सांगितलं. त्यांनी सावकाश ओतलं, अंगठ्याकडून करंगळीकडं, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. गुलाबी पाणी फिकट होत गेलं. मी सांगितलं, लगेच नाही होत, थोडा वेळ लागतो.

"लागू द्या," त्या म्हणाल्या.

काचेचा पंजा त्यांनी आपल्या तळहातावर घेतला, दुसरा हात वरून आडवा धरला, उन्हाला. फडातून हाक आली. मग ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, आणि परत दिला. इरा उठून त्याला थांबवायला गेली. गयाबाईंनी मान वर केली नाही. पंज्याकडं बघत, तापलेल्या लेकराशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या,

"मी हाय गं हितं. हाय मी."